पाहुण्यांची ओळख करून द्याच

दिवाळी सरली की गोव्यात समारंभांचा हंगाम सुरू होतो. शाळांची स्नेहसंमेलने, वाचनालयांचे वर्धापनदिन, व्याख्यानमाला, पुस्तक प्रकाशने, जत्रेच्या निमित्ताने होणारे सत्कार. मे संपेपर्यंत रवींद्र भवनापासून देवळाच्या सभामंडपापर्यंत शनिवार-रविवारची संध्याकाळ मोकळी मिळणे कठीण. निमंत्रणपत्रिका मराठीत किंवा कोकणीत असते. समई पेटते, ईशस्तवन होते, स्वागतगीत होते. मग निवेदिका ध्वनिक्षेपकाशी येते, हातातला कागद सरळ करते आणि तिची भाषाच बदलते. ‘अवर चीफ गेस्ट नीड्स नो इंट्रोडक्शन.’ पाठोपाठ ‘इट गिव्ह्ज मी इमेन्स प्लेझर’ येते आणि दोन पानी बायोडेटा सुरू होतो.

ओळखीची गरज नाही म्हणायचे आणि पुढची दहा मिनिटे ओळखच करून द्यायची, या विसंगतीवर आजवर भरपूर विनोद झाले आहेत. त्यात भर घालण्यात अर्थ नाही. माझी तक्रार वेगळी आहे. ते वाक्य सभागृहातल्या बहुतेकांच्या बाबतीत खोटे असते, आणि ज्यांच्या बाबतीत खोटे असते त्यांच्यासाठीच तर ओळख करून द्यायची असते.

सभागृहात बसलेले असते कोण? पहिल्या दोन रांगांत संस्थेचे आजी-माजी पदाधिकारी, निवृत्त शिक्षक, एखादा पत्रकार, पाहुण्यांबरोबर आलेली मंडळी. त्यांना पाहुणे माहीत असतात. काहींनी तर त्यांना दुपारी जेवायला घरी नेलेले असते. तिसऱ्या रांगेपासून चित्र बदलते. खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून आणलेली अकरावी-बारावीची मुले असतात, स्वयंसाहाय्य गटाच्या बायका असतात, स्वागतगीत गाणाऱ्या मुलींचे आईवडील असतात, बाहेरून येऊन इथे स्थायिक झालेले आणि गोवा समजून घेऊ पाहणारे दोघे-चौघे असतात. या लोकांना पाहुणे कोण हे खरोखरच ठाऊक नसते. त्यांच्या कानावर ‘यांना कोण ओळखत नाही’ असे वाक्य पडले की त्यांनी काय समजायचे? आपण अडाणी आहोत, एवढेच. शेजारच्याला विचारायचीही मग चोरी. पहिल्या दोन रांगांनी आपापसांत हसून मान डोलवायची आणि मागच्यांनी टाळ्या वाजवायच्या, अशी ही वाटणी आहे.

बरे, हे वाक्य कधीच खरे नसते असेही नाही. आपल्याकडे ते आमदारांच्या बाबतीत अगदी खरे असते. गोव्याच्या विधानसभेत चाळीस जागा आहेत आणि एका मतदारसंघात साधारण तीस हजारांच्या आसपास मतदार. आमदार लग्नाला येतो, बाराव्याला येतो, चवथीला घरोघर फिरतो, बंधाऱ्याच्या कामापासून नळाच्या तक्रारीपर्यंत त्याला फोन जातो. त्याचा चेहरा वर्षभर फलकावर असतो. अशा माणसाची ओळख करून देण्याची खरोखरच गरज नाही. पण त्याचीच ओळख सर्वांत लांबते. कुठल्या वर्षी निवडून आले, कुठली खाती सांभाळली, मतदारसंघात कोणते रस्ते केले, सगळे सविस्तर. आणि त्याच व्यासपीठावर कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेल्या, आयुष्यभर गोव्याचे ताम्रपट वाचत बसलेल्या अभ्यासकाच्या वाट्याला ‘नीड्स नो इंट्रोडक्शन’ येते, कारण तोवर साडेसहा वाजून गेलेले असतात. ज्याला गरज नाही त्याच्यासाठी दहा मिनिटे आणि ज्याला आहे त्याच्यासाठी एक वाक्य, हा हिशेब कुठल्या शिष्टाचारात बसतो ते मला कळलेले नाही.

या सगळ्याला कंटाळलेल्या लोकांचा एक पक्ष तयार झाला आहे. त्यांचे म्हणणे, ही ओळख प्रकरणच बंद करा. प्रत्येकाच्या हातात फोन आहे, नाव टाकले की सगळे समोर येते. पत्रिकेवर चार ओळी छापा आणि पाहुण्यांना थेट बोलू द्या. हा पक्ष वरवर शहाणा वाटतो आणि माझे अनेक मित्र त्यात आहेत. मला त्यांचे पटत नाही.

पटत नाही, कारण ओळख हे असे एक काम आहे जे पाहुणा स्वतः करू शकत नाही. आपल्या संस्कारात माणसाने स्वतःबद्दल चारचौघांत सांगणे शोभत नाही. जो खरोखर मोठा असतो तो तर मुळीच सांगत नाही. मग वक्ता कोण, त्याने या विषयासाठी काय खस्ता खाल्ल्या, त्याचे बोलणे आपण का ऐकायचे, हे तिसऱ्या कुणीतरी सांगावे लागते. फोनवर पदव्या मिळतात, पुरस्कार मिळतात, जन्मतारीख मिळते. आज या गावात, या श्रोत्यांपुढे, या माणसाला का बोलावले हे फोनवर कुठून मिळणार? ते फक्त बोलावणाऱ्याला माहीत असते, निदान असायला हवे.

तिसवाडीतल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात खाजन शेतीवर, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केल्या जाणाऱ्या शेतीवर, व्याख्यान होते. वक्ते स्वतःच्या गावच्या खाजनाचा वर्षानुवर्षे अभ्यास केलेले गृहस्थ. ओळख करून देणाऱ्या शिक्षिकेने त्यांच्या पदव्या वाचल्या, शोधनिबंधांची संख्या वाचली, ‘मेंबर ऑफ’ने सुरू होणाऱ्या सात-आठ समित्या वाचल्या. इंग्रजी स्वच्छ होते, उच्चार चांगले होते. मुले फोनमध्ये होती. त्या दोन पानांत खाजन हा शब्द एकदाही आला नाही. तो आला तो वक्ते उभे राहिल्यावर, आणि मग त्यांची पंचाईत झाली. आपण या विषयावर कोणत्या अधिकाराने बोलतो आहोत हे मुलांना कळल्याशिवाय पुढचे सगळे वाया, आणि स्वतःचा अधिकार स्वतः सांगायचा संकोच. मग ते आडवळणाने सुरू झाले. ‘म्हणजे काय, आमचे घर बांधाच्या बाजूलाच, त्यामुळे...’ ‘तसे मी काही विशेष केले नाही, पण...’ चाळीस मिनिटांतली पहिली दहा अशीच गेली. मग कुठे ते मानशीवर आले. खाजनाच्या बांधातले ते लाकडी दार भरतीच्या पाण्याच्या दाबाने आपसूक मिटते, ओहोटीला आपसूक उघडते, माणसाने हात लावायची गरज नाही. खारे पाणी शेताबाहेर राहते आणि आतले जास्तीचे पाणी निघून जाते. त्या दाराचे चित्र त्यांनी फळ्यावर काढले तेव्हा फोन खाली गेले. कोरगूट या खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या भाताचा विषय निघाला तोवर घंटा झाली.

त्या शिक्षिकेने फक्त एवढे सांगितले असते तर? ‘आपण रोज बसमधून येताना डावीकडे जे पाण्याने भरलेले शेत बघतो, ते समुद्रापासून कसे वाचते हे शोधण्यात यांनी उमेद घालवली. रात्री भरती बघायला हे बांधावर जाऊन बसत.’ दोन वाक्ये. वक्त्यांची दहा मिनिटे वाचली असती आणि कोरगूट भातावरचे ऐकायला मिळाले असते. शिक्षिकेला दोष देण्यात अर्थ नाही. तिच्या हातात तो कागद सकाळी अकराला पडला होता, व्हॉट्सअ‍ॅपवरून, आणि ‘तुझे इंग्लिश चांगले आहे’ एवढ्याच पात्रतेवर तिची निवड झाली होती.

इथे इंग्रजीचा प्रश्न येतो आणि गोव्यात तो महाराष्ट्रातल्यापेक्षा वेगळा आहे, म्हणून जरा थांबून बघायला हवा.

पुण्यामुंबईत समारंभात इंग्रजी शिरते ती प्रतिष्ठेसाठी. आपल्याकडे प्रतिष्ठा आहेच, पण त्याहून मोठे कारण भीती आहे. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावरचा १९६७ चा जनमत कौल, नंतर राजभाषेचे आंदोलन, ४ फेब्रुवारी १९८७ रोजी विधानसभेने संमत केलेला राजभाषा कायदा, त्यात देवनागरी कोकणी राजभाषा आणि मराठीला सरकारी कामकाजात वापराची मुभा; या सगळ्याचे व्रण अजून ओले आहेत. मराठीत सुरुवात केली तर कुणीतरी कोकणीवादी नाराज होईल, कोकणीत केली तर मराठीवादी कुजबुजेल, आणि कोकणीत केली तरी देवनागरी की रोमी हा लिपीचा वाद आहेच. आयोजक बिचारा मधला रस्ता शोधतो. इंग्रजी कुणाचीच नाही, म्हणून ती सगळ्यांना चालते. अनेक संस्थांच्या बैठकांत मी हा युक्तिवाद ऐकला आहे, आणि तो मांडणारे दोन्ही बाजूंचे असतात. पंच म्हणून परका माणूस बसवावा तशी आपण परकी भाषा बसवली आहे.

गंमत म्हणजे हा वाद व्यासपीठावरच असतो. कार्यक्रम संपून चहा-भजी सुरू झाली की तीच माणसे एका वाक्यात मराठी, दुसऱ्यात कोकणी बोलत असतात आणि कुणाला काही वाटत नाही. मराठी व्याख्यानाची ओळख कोकणीत करून दिली तर कुठे बिघडते? मराठी नाटकाच्या तालमी आपल्या गावांत कोकणीतच होतात की. संवाद मराठी, ‘अरे तूं हांगा उबो राव’ कोकणी. पिढ्यान् पिढ्या चालले आहे. हे शहाणपण तालमीत चालते आणि सभेत चालत नाही, हे आपण स्वतःवर लादून घेतले आहे.

दुसरे कारण शाळेचे. प्राथमिक शिक्षण मराठीत किंवा कोकणीत झाले तरी पाचवीपासून बहुतेक मुले इंग्रजी माध्यमात जातात. समारंभात बोलण्याचे पहिले धडे त्यांना तिथे मिळतात. ‘वेलकम स्पीच’ पाठ करून घेतले जाते, त्यात ‘इमेन्स प्लेझर’ असते, ‘ऑगस्ट गॅदरिंग’ असते. मूल मोठे होऊन शिक्षक होते, बँकेत जाते, पंचायतीत सचिव होते आणि समारंभात उभे राहिले की तेच पाठांतर तोंडात येते. घरी आजीशी अस्खलित बोलणारी मुलगी ध्वनिक्षेपकासमोर मातृभाषेत अडखळते, कारण त्या जागी उभे राहून त्या भाषेत बोलायला तिला कधी कुणी शिकवलेच नाही.

तिसरे कारण जुने आहे. दरबारी संबोधनांची हौस आपल्याला इंग्रजीने लावलेली नाही. पोर्तुगीज अमदानीत कागदोपत्री माणूस साधा ‘सेन्योर’ नसे, तो ‘एक्सेलेंतिसिमु सेन्योर’ असे. १९६१ नंतर राज्यकर्त्यांची भाषा बदलली, हौस तशीच राहिली. ऑक्टोबर २०१२ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी देशांतर्गत समारंभांत ‘महामहिम’ आणि ‘हिज एक्सलन्सी’ ही संबोधने सोडून द्यायचे ठरवले. खुद्द राष्ट्रपतींनी नको म्हटले, तरी आपल्याकडचे निवेदक अजून राज्यपालांना ‘हिज एक्सलन्सी’ म्हणतात आणि मराठीतून बोलत असले तर ‘महामहिम’. घेणारा नको म्हणतो तरी देणारा थांबत नाही, अशी ही आदराची जात.

मला इंग्रजीचे वावडे नाही. वक्ता बाहेरचा असेल, श्रोते मिश्र असतील तर इंग्रजीत ओळख व्हायलाच हवी. दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने पणजीत त्यांच्या नावाचा विचार महोत्सव सुरू झाला. तिथे देशभरातून वक्ते येतात आणि इंग्रजीत बोलतात, ते योग्यच आहे. पण त्याच महोत्सवाच्या निमित्ताने एक प्रयोग करून बघण्यासारखा आहे. बाहेर उभ्या असलेल्या महाविद्यालयीन मुलांना विचारा, हे कोसंबी कोण? ‘मोठे इतिहासकार होते’ असे उत्तर मिळाले तरी पुष्कळ. गोव्यात ज्यांना ओळखीची गरज नाही असे आपण धरून चालतो, त्यांत कोसंबींचा नंबर बराच वर लागेल. आणि म्हणूनच त्यांची ओळख कुणी करून दिलेली नाही.

खरे तर त्यांची ओळख किती सोपी आहे! कोसबें इथे जन्मलेला हा माणूस पेशाने गणिती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नोकरी आणि घर पुण्यात, म्हणून डेक्कन क्वीनने ये-जा. प्राचीन नाण्यांचा कालक्रम कसा लावायचा हा इतिहासकारांपुढचा प्रश्न त्यांनी गणिती पद्धतीने घेतला. नाणे हातोहात फिरताना झिजते, त्याचे वजन घटते, म्हणजे जास्त झिजलेले नाणे जास्त काळ फिरलेले. म्हणून ते तराजू घेऊन हजारो नाणी तोलत बसले. एवढे सांगितले की बारावीतला विज्ञानाचा मुलगाही मान वर करतो, इतिहासाशी त्याला देणेघेणे नसले तरी. हार्वर्डची पदवी, पुस्तकांची यादी हे सगळे नंतर. आणि जाता जाता, या माणसाने १९५६ मध्ये लिहिलेल्या सर्वांत गाजलेल्या ग्रंथाचे नावच भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ‘ओळख’ असे आहे. ओळख करून देणे त्यांना कमीपणाचे वाटले नव्हते.

केसरबाई केरकरांचे तेच. त्यांच्या नावाचा संगीत समारोह पणजीत होतो आणि निवेदनात ‘सूरश्री केसरबाई, ज्यांच्याविषयी वेगळे सांगायला नको’ असे म्हणून निवेदक पुढे सरकतो. सांगायला नको कसे? फोंडा तालुक्यातल्या केरी गावात १८९२ मध्ये जन्मलेल्या या बाईंचा आवाज १९७७ मध्ये सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या ध्वनिमुद्रिकेत आहे, आणि त्यांतले एक यान माणसाने बनवलेल्या कुठल्याही वस्तूपेक्षा पृथ्वीपासून दूर गेलेले आहे. हे वाक्य मराठीत बोलायला दहा सेकंद पुरतात. समारोहाला आजीबरोबर आलेल्या, कंटाळून खुर्चीखाली पाय हलवणाऱ्या पोराला ती दहा सेकंदे मिळायला नकोत का?

ओळख न करून देण्याचे फळ बघायचे तर पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला आबे फारियांचा पुतळा आहे. जमिनीवर कोसळणारी बाई आणि तिच्यावर दोन्ही हात रोखून उभा असलेला झग्यातला माणूस. पर्यटक त्याच्यासमोर हात तसेच करून फोटो काढतात, आपली मुलेही काढतात. ‘पाद्री त्या बायकेक कितें करता?’ हा प्रश्न मी तिथे अनेकदा ऐकला आहे आणि सोबतच्या मोठ्या माणसांना उत्तर देता आलेले नाही. १७५६ मध्ये कांदोळीला जन्मलेल्या या धर्मगुरूने पॅरिसमध्ये जाऊन सांगितले की माणसाला संमोहन निद्रा लागते ती समोरच्याच्या अंगातल्या कुठल्या चुंबकी शक्तीने नव्हे, ती त्याच्या स्वतःच्या मनात सूचनेने घडते. त्या काळी हे सांगणे केवढे धाडसाचे होते! आपण पुतळा उभारला, आणि राजधानीत भर रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला वेगळी ओळख कशाला हवी, असे धरून चाललो.

आता आक्षेप. पहिला असा की साच्यातली वाक्ये ही शेवटी सभ्यतेची खूण आहे, त्यांच्यावर एवढे तुटून पडायचे कारण नाही. मराठी तरी कुठे सोवळी आहे? ‘सा. न. वि. वि.’ आणि ‘पत्रास कारण की’ लिहिण्यात आपल्या पिढ्या गेल्या. हे अगदी कबूल. सभेत पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या मुलाला साचा हा जिन्याचा कठडा असतो, त्याला धरून त्याने वर यावे. माझा आक्षेप कठड्यावर नाही, वर आल्यावरही तो न सोडणाऱ्या पन्नाशीतल्या प्राध्यापकावर आहे.

आणि साचाही दोन तऱ्हेचा असतो. आपल्या गावांत देवळासमोर घातले जाणारे गाऱ्हाणे घ्या. त्याहून पक्का साचा सापडणार नाही. ग्रामदेवतेपासून राखणदारापर्यंत सगळ्यांना ठरलेल्या क्रमाने हाक मारायची, ठरलेला सूर, ठरलेली वळणे. पण त्या साच्यात एक जागा मोकळी ठेवलेली असते. आज कोण उभे आहे, कुठल्या घरातले, कशासाठी आले, त्यांचे मागणे काय, हे गाऱ्हाणे घालणाऱ्याला दर वेळी नव्याने सांगावे लागते, आणि ते चुकले तर जमलेले लोक तिथल्या तिथे दुरुस्त करतात. म्हणून तर ऐकणारे मन लावून ऐकतात आणि हुंकार भरतात. ‘नीड्स नो इंट्रोडक्शन’मध्ये अशी मोकळी जागाच नाही. ते मुख्यमंत्र्यांना चालते, क्रिकेटपटूला चालते, किराणा व्यापारी संघटनेच्या माजी अध्यक्षालाही चालते. कुणालाही चालते ते कुणाबद्दलच काही सांगत नाही.

जुन्या मराठी सभांतही एक चांगली रीत होती, ती आपण औपचारिक म्हणून टाकून दिली. अध्यक्षस्थान अमक्यांनी स्वीकारावे अशी एक जण सूचना मांडायचा आणि दुसरा अनुमोदन द्यायचा. सूचना मांडायची तर कारण द्यावे लागे. हेच गृहस्थ का, दुसरे का नाहीत? आजच्या विषयाशी यांचा संबंध काय? नकळत ओळख होऊन जायची आणि तीही युक्तिवादाच्या अंगाने. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली त्या काळापासूनच्या सभासंस्कृतीचे हे बोट धरून आपली गावोगावची व्याख्याने सुरू झाली. बोट केव्हा सुटले आणि हातात बायोडेटा केव्हा आला, कळले नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पाहुण्यांनाच हे हवे असते. तीन पानी परिचय ते स्वतः पाठवतात, एखादा पुरस्कार वाचायचा राहिला तर भाषणात टोमणा मारतात. आयोजक काय करणार? हे खरे आहे, आणि यात आम्ही अधूनमधून खुर्चीवर बसणारे लोक पूर्ण दोषी आहोत. कुणी सांगावे, ‘नीड्स नो इंट्रोडक्शन’ ऐकायला गोड लागते म्हणूनच ते इतके टिकले असेल. पण पाहुण्याला बरे वाटावे म्हणून ओळख करायची असेल तर त्यासाठी शाल आहे, श्रीफळ आहे, आता तुळशीचे रोपटेही देतात. ती सोय तिथे झालेली आहे. ओळख श्रोत्यांसाठी असते. व्यासपीठावर सात जण बसले आणि प्रत्येकाला तीन मिनिटे दिली तर एकवीस मिनिटे गेली, आणि ऐकणाऱ्याच्या हाती सात जणांची नावेही राहत नाहीत. वक्त्याची तेवढी नीट ओळख करून द्यावी, बाकीच्यांची नावे घेऊन नमस्कार करावा. आमदार रागावतील असे वाटते, पण ते सहसा रागावत नाहीत. त्यांना त्याच संध्याकाळी आणखी तीन ठिकाणी जायचे असते आणि लवकर सुटका झाली तर हवीच असते.

मी ऐकलेली सर्वांत चांगली ओळख एका देवळाच्या उत्सवातली आहे. गायला आलेली मुलगी तरुण होती, गावात तिला कुणी ओळखत नव्हते. रीतीप्रमाणे देवस्थान समितीच्या सचिवांनी कागद काढला होता. तेवढ्यात समोर बसलेले एक म्हातारे गृहस्थ उठले, ध्वनिक्षेपकाला न शिवता तिथूनच म्हणाले, ‘हिच्या आज्यान ह्याच मांडवांत तबलो वाजयलो. आज नात गायतली. आयकात.’ आणि बसले. सचिवांनी कागद खिशात घातला. मुलीने तंबोरा जुळवायला घेतला तेव्हा मागे उभे राहिलेले लोक पुढे येऊन बसू लागले होते.

त्या तीन वाक्यांत तिची कुठली परीक्षा किंवा पदक नव्हते. ती कोण, आपली कोण आणि आता काय करायचे, एवढेच होते. हे सगळ्यांना आयत्या वेळी सुचेल असे नाही, त्याला माणूस ठाऊक असावा लागतो. संस्थांना तेवढीच तजवीज करावी लागेल. निमंत्रण देतानाच ओळख कोण करून देणार हे ठरवावे, आणि त्या व्यक्तीने चार दिवस आधी पाहुण्यांशी फोनवर पंधरा मिनिटे बोलावे. या विषयाकडे कसे वळलात, सध्या काय चालले आहे, आमच्या गावाशी काही धागा आहे का; गोव्यात कुठला ना कुठला धागा निघतोच, आजोळ निघते, कुळदेव निघतो, जुने शिक्षक निघतात. मग जी भाषा फोनवर सहज आली त्याच भाषेत दीड-दोन मिनिटे, कागद न बघता. हे काम इंग्रजी चांगले असलेल्या शिक्षिकेकडे न जाता विषयाची आवड असलेल्या विद्यार्थ्याकडे गेले तर आणखी बरे. तो अडखळेल, पण कोणाबद्दल बोलतो आहे हे त्याला माहीत असेल.

पाहुण्यांच्या बाजूनेही थोडे सहकार्य लागेल. आयोजकांचा ‘बायोडेटा पाठवा’ असा संदेश आला की मी आता उलट विचारतो, माझी ओळख कोण करून देणार आहे, त्यांना मला फोन करायला सांगा. बहुतेकदा पलीकडून उत्तर येते, ते अजून ठरायचे आहे, तोवर बायोडेटा पाठवून ठेवा.